काच नसलेली तसबीर

४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची हाताला सवय आहे, पण आज ते लिहिणार नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्रात मला मधेच तोडताही येणार नाही तुला.

काल सकाळी दार वाजलं. नानांनीच उघडलं. बाहेर कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या बाई, हातात पांढरी फुलं घेऊन, चेहरे पाडून उभे. वर्षभर मुलीकडे राहून परवाच परतले आहेत. नाना गेल्याचं कळलं म्हणून आम्हाला भेटायला आले होते! नानांना समोर बघून मास्तरांच्या हातातली फुलं खाली पडली आणि बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यांना पाणी देऊन, पाठीवर हात फिरवून विचारलं तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी त्यांनी तुझी मालिका बघितली होती. तुझ्या त्या श्रीमंत घराच्या भिंतीवर, काळ्या चौकटीत, आपले नाना. आणि त्यांच्यापुढे उभा राहून तू डोळे पुसत सांगत होतास की बाबा, तुम्ही गेल्यापासून या घरात माझं ऐकणारं कोणी उरलं नाही.

लाज कशी वाटली नाही रे तुला? फोटो कुठला ते मला लगेच कळलं. दुकानाच्या टेबलाला टेकून उभे, कानावर पेन्सिल. त्याची एकच प्रत होती. मागच्या वर्षी तू गयावया केलीस की मला जवळ ठेवायला नानांचा एक फोटो दे, म्हणून मी अल्बममधून चोरून काढला आणि पाठवला. म्हणजे या पापात माझा अर्धा वाटा. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावातल्या मेलेल्यांच्या तसबिरी केल्या, त्यालाच जिवंतपणी तसबिरीत घातलंस.

गल्लीत सगळ्यांना हे माहीत होतं म्हणे. नाना रोज समोर दिसतात म्हणून कोणी फुलं आणली नाहीत, एवढंच. आपल्या घरी टीव्ही नाही, त्यामुळे मी एकटीच ठार अडाणी राहिले. नानांनी पडलेली फुलं उचलली. मास्तरांना म्हणाले की मी रोज फक्त अर्धा तास मेलेला असतो, तुम्ही चहा घ्या. आणि दुकानात जाऊन बसले.

आठ दिवसांत तो फोटो उतरला पाहिजे. लोभ असावा असं शेवटी लिहितात. तो शिल्लक आहे की नाही ते फोटो उतरल्यावर बघते.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मेकअपच्या खुर्चीत वाचलं. मेकअपवाल्याला कपाळावरची शीर दोनदा झाकावी लागली, इतका संताप आला. तू मला लाज विचारतेस?

आधी काय घडलं ते ऐक. शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्या भिंतीवर एक भलताच म्हातारा टांगला होता. सेटवरचं सामान सांभाळणाऱ्याने कुठल्याशा दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीतून उचललेला. बत्तीस दात दाखवत हसणारा मेलेला बाप! त्याच्यापुढे मला रडायचं होतं. पाच टेक झाले, रडू येईना. दिग्दर्शक घड्याळ बघायला लागला. बारा वर्षांनी मिळालेलं पहिलं मोठं काम हातातून जाताना दिसत होतं. बारा वर्षं काय केलं मी ते तुला माहीत आहे. पहिल्या सिनेमात मी प्रेत होतो, चादरीबाहेर फक्त पाय. मग तीन सिनेमांत हवालदार, प्रत्येकात एकच वाक्य, तेही दोनदा कापलं. मग खाद्यतेलाच्या जाहिरातीतला खूश नवरा. तेव्हा मी पिशवीतून नानांचा फोटो काढला आणि म्हटलं, हा लावा. एका टेकमध्ये झालं.

त्यानंतर तो तिथेच राहिला. आज दोनशे बारा भाग झालेत. प्रेक्षकांना पडद्यावरचा कप बदलला तरी कळतं, बाप बदललेला चालेल का? फोटोशी मी बोलतो ते प्रसंग लोकांना सगळ्यात आवडतात. ते लेखकाने लिहिलेले नसतातच. तो फक्त लिहितो की मुलगा तसबिरीशी बोलतो. बाकी सगळं माझं.

आणि मेलेला म्हणायला सुरुवात कोणी केली? मी घर सोडलं त्या दिवशी न्हाव्याच्या दुकानात, पाच गिऱ्हाइकांसमोर, मला मुलगा नाही असं कोण म्हणालं? त्याच आठवड्यात घरातला टीव्ही कोणी देऊन टाकला? त्यांना मुलगा नाही तर मला बाप कुठून असणार? शिवाय ते बघतही नाहीत. न बघणाऱ्या माणसाच्या भावनांची काळजी मी का करू?

फोटो उतरणार नाही. रागावलीस तर रागाव, पण पत्र टाकत जा. इथे मला खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी नाही, भुंग्या म्हणणारं तर दूरच.

तुझा,
भुंग्या

१७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. आता बस आणि मग वाच.

नाना बघतात. पहिल्या भागापासून, एकही न चुकवता. सात महिने ते रोज संध्याकाळी सव्वासातला दाढी करायला जातात आणि मी दुकान सांभाळते. रोज दाढी कशाला, गालाची सालं निघालीत, म्हणून मी कुरकुर करायचे, मलमही आणून दिलं. काल मी न्हाव्याला खडसावून विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं. साडेसातला तुझी मालिका लागते. नाना आरशाला पाठ करून खुर्ची टीव्हीकडे फिरवून घेतात आणि तोवर साबण गालावर वाळतो. संपली की म्हणतात, आता कर. घरात मात्र तुझं नाव काढलं की उठून जातात. म्हाताऱ्याचा हट्ट बघ! नुसतं आठवलं तरी डोकं फिरतं माझं.

म्हणजे स्वतःला मेलेलं बघायला त्यांना कोणाच्या फुलांची गरज नव्हती. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. न्हाव्याला त्यावर दोनच गोष्टी म्हणाले. एक, तसबिरीला काच नाही. दुसरी, डावीकडून अर्धा बोट खाली लटकते आहे, आणि याला एवढं शिकवूनही दिसत नाही. आणि हो, तू प्रेत झाला होतास तो सिनेमाही त्यांनी थिएटरात जाऊन बघितला होता. डाव्या पायाची करंगळी वाकडी, म्हणजे आमचाच, असं न्हाव्याला सांगितलं म्हणे.

आता कळलं का तू काय केलंस? गेल्या महिन्यात एका गुरुवारी तू तसबीर छातीशी धरून म्हणालास की माझी एकदाही पाठ थोपटली नाहीत, तरी मला माफ करा. ते त्यांनी ऐकलं. त्या दिवशी घरी येऊन न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपले. मला वाटलं पित्त झालंय. अख्ख्या देशासमोर माफी मागतोस, आणि ज्याची मागतोस त्याला एक कार्ड टाकत नाहीस! आणि ते ऐकतात, आणि साबण पुसून घरी येतात! एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. तुमच्या दोघांच्या अबोल्यात माझी बारा वर्षं गेली, त्याचं कोणी काही बोलायचं की नाही?

नानांचा हात आता थरथरतो. मागच्या आठवड्यात काच कापायचा हिरा अंगठ्यावरून गेला, तीन टाके पडले. मार्चच्या एकतीस तारखेला दुकान बंद करायचं ठरवलंय. त्याच्या आत ये. भिंतीशी बोललास ते पुरे.

लोभ आहे. नाइलाज आहे माझा.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्या पत्राने माझं वाटोळं केलं. हे तक्रार म्हणून लिहितोय, गंमत म्हणून नाही.

पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तसबिरीचा प्रसंग होता. मी समोर उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटेना. समोर फोटो नव्हताच. साबण फासलेला म्हातारा माझ्याकडे बघत होता. आणि ती तसबीर खरंच डावीकडून खाली होती, ताई. दोनशे भाग मी तिच्यापुढे रडलो आणि मला दिसलं नव्हतं. काच तर आम्ही मुद्दाम काढतो, दिव्यांचा उजेड चमकतो म्हणून. नऊ टेक झाले. नवव्याला मी दिग्दर्शकाला म्हणालो की हा माणूस जिवंत आहे, मला हे जमणार नाही, फोटो बदला. तो म्हणाला की चॅनेलच्या मते त्या म्हाताऱ्याचे चाहते माझ्यापेक्षा जास्त आहेत, तो जाणार नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खुर्चीवर चढून तसबीर काढली, फोटो बाहेर ओढला आणि पिशवीत घातला.

त्यांनी शांतपणे दुसरा लावला. प्रती काढून ठेवल्या होत्या हरामखोरांनी! माझ्या बापाच्या, मला न विचारता. मग मी जे बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सोमवारपासून माझी भूमिका दुसरा करणार आहे. पडद्याच्या तळाशी एक ओळ येईल, चार सेकंद, की यापुढे ही व्यक्तिरेखा अमुक साकारतील. दोनशे एकवीस भागांची किंमत चार सेकंद. बारा वर्षं, आणि मी पुन्हा चादरीखालच्या पायांवर आलो.

घरी येत नाही. कुठल्या तोंडाने येऊ? नाना म्हणतील, सांगितलं होतं. ते खरंही असेल, म्हणून तर ऐकवणार नाही मला. एकच काम कर. सोमवारी साडेसातला त्यांना न्हाव्याकडे जाऊ देऊ नकोस. काहीही कर, पण त्यांना हे बघू देऊ नकोस.

मूळ फोटो माझ्याकडे आहे. कोपरा थोडा दुमडलाय.

भुंग्या

५ मार्च

चि. भुंग्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं काम माझ्याच्याने झालं नाही. सोमवारी मी दुकानातले खिळे सांडले, हिशेबाची वही हरवल्याचं नाटक केलं, शेवटी डोकं दुखतं म्हणून खाली बसले. नानांनी पाण्याचा तांब्या हातात दिला आणि सव्वासातला निघून गेले. अभिनय आपल्या घरात देवाने तुलाच दिलाय. मी दुकान तसंच उघडं टाकून मागोमाग पळाले.

मी पोचले तेव्हा ती चार सेकंदांची ओळ येऊन गेली होती. एक उंच, देखणा, तुझ्यापेक्षा दाट केसांचा माणूस तुझा कोट घालून नानांच्या फोटोपुढे उभा होता. आवाज छान होता त्याचा. तो म्हणाला की बाबा, मला माफ करा. आणि नाना खुर्चीतून उठले. अर्ध्या गालावर साबण, गळ्यात टॉवेल. टेबलावर अशी थाप मारली की वस्तऱ्याची वाटी खाली आली. ओरडले की हा कोण आहे, हा माझा मुलगा नाही, माझा मुलगा कुठे आहे. त्याच दुकानात, भुंग्या. बारा वर्षांपूर्वीच्या पाचांपैकी दोन गिऱ्हाइकं त्या दिवशीही तिथेच बसली होती. न्हाव्याने टीव्ही बंद करायला हात घातला तर त्याच्यावरही खेकसले, की हात लावू नको, माझं नाव शेवटी येतं का बघू दे. आलं नाही. तुझंही नाही.

घरी येऊन त्यांनी मला फैलावर घेतलं. तेव्हा माझाही तोल सुटला. तुझी दोन्ही पत्रं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, तू त्यांना दिलेल्या टोल्यांसकट. रागाव हवं तर. तुमची गुपितं सांभाळून मी थकले आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोपरा दुमडला यावर चुकचुकले आणि माझं पेन मागून घेतलं. सोबत चिठ्ठी आहे. अक्षर हललंय, पण मजकुरात खोट नाही.

लोभाचं आता तुम्ही दोघं समोरासमोर ठरवा.

ताई

(सोबतची चिठ्ठी)

चि. भुंग्या यास,

मी त्या भिंतीवर सात महिने मेलेला होतो. तक्रार केली नाही, कारण समोर रडणारा माझा होता. आता एक परका माणूस रोज मला बाबा म्हणतो. ते मी खपवून घेणार नाही. मालिकेच्या कंपनीला तसं पत्र टाकलं आहे, आणि फोटो उतरेपर्यंत रोज एक टाकणार आहे.

फोटो घेऊन ये. दुमडलेला कोपरा सरळ करता येतो, ती विद्या तुला शिकवली होती, तू लक्ष दिलं नाहीस. चौकट करणार नाही, परत अल्बममध्ये लावायचा आहे. बारा वर्षांपूर्वी न्हाव्याकडे मी जे बोललो ते चूक होतं. हे एकदाच लिहितो आहे.

दुकान एकतीसपर्यंत उघडं आहे. शिव्या द्यायच्या असतील तर तोंडावर दे. माफी मागायची असेल तर तीही तोंडावर माग. मात्र एका टेकमध्ये. नऊ वेळा ऐकायला माझ्याकडे वेळ नाही.

आशीर्वाद दारात देईन. दार मीच उघडतो.

तुझा जिवंत बाप