घोड्यांच्या नावावर आलेलं मशीन

३ नोव्हें. ९३
शाळेतून आले तर आत्याबाई हौदापाशी. ह्यांच्या आत्या, पण घरातलं निम्मं काम त्यांच्याच अंगावर. वरातीच्या दोन्ही घोड्यांची ब्लँकेटं तुडवत होत्या. सोड्याने हात फाटलेत. म्हटलं, दाखवा. "काय न्हाय झालं हाताला."
जेवताना ह्यांच्याकडे मशीनचा विषय काढला. "का, मास्तरीणबाईंचे हात दुखतात?" मग म्हटलं, ब्लँकेटांसाठी, आत्याबाईंना झेपत नाही. लगेच तयार. घोडीच्या पाठीवर बसून आलं तरच आमच्या घरात काही येतं.
माझ्या डोळ्यांपुढे माझ्या साड्या होत्या. वहीत तरी खोटं नको.

७ नोव्हें.
धामणकर नाक्यावरच्या दुकानात एकटीच गेले. एक मशीन दोन टबांचं, जाड पत्र्याचं, दवाखान्यातल्या कपाटासारखं हिरवट. दुसरं पांढरंशुभ्र, आपोआप चालणारं. दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, "मॅडम, सफेदवाला सिर्फ घर के कपडों के लिए. मोटा कंबल डालोगे तो बैठ जाएगा."
पांढरंच घेतलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, दुकानदार म्हणतो यात घोडासुद्धा धुऊन निघेल. हे हसले. मीही.

१० नोव्हें.
मशीन आलं. हळदकुंकू मी वाहिलं, आत्याबाईंनी लांबूनच हात जोडले. शेजारी सांगत होत्या, "सुनंनं माज्या हातांसाठी घेतलं." मी आत निघून आले.

१६ नोव्हें.
आज पहिलं ब्लँकेट घातलं. पाणी पिऊन ते असं फुगलं की मशीन मोरीभर नाचलं, करकरलं, बंद पडलं. दोघींनी ओढून बाहेर काढलं. अंगभर घोडीचे केस.
मग आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. दुकान, दुकानदार, हिरवं मशीन. रागावतील, निदान रडतील असं वाटलं. थोड्या वेळाने मशीन रिकामं चाललं, तेव्हा म्हणाल्या, "तुजं कपडं धुतंय ना? मंग झालं."
"ह्यांना सांगते मी."
"नको. तो परत नेऊन टाकील, न् वर तुला जलमभर ऐकवील."
नाही सांगितलं. बरंच वाटलं, हीच लाज.

२९ नोव्हें.
तुळशीचं लग्न झालं, वराती सुरू. सकाळी हे चारा आणायला पडघ्याला गेले की हौदावर थपथप सुरू होते. हे यायच्या आत ब्लँकेटं मागच्या दोरीवर. मदतीला गेले तर हाकलतात, "तुजी शाला हाय." मी फार जोर करत नाही.
माझ्या साड्यांना आता घोड्यांचा वास येत नाही. शाळेतल्या बाकीच्या बाईंनी विचारलंसुद्धा, नवीन साबण का.

१२ डिसें.
पडघ्याचा एकजण घोडी विकायला आलेला. हे त्याला ब्लँकेट दाखवत होते, "बघ, मशीनची धुलाई." आत्याबाई चहा घेऊन आल्या. कपबशी पदरात धरून. हे म्हणाले, "तिसरी घोडी घेऊनच टाकू. धुण्याची कटकट आता राहिलीच नाही." मग माझ्याकडे वळून, "काय गं, मशीनला झेपेल ना?"
मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.
"झेपंल की," आत्याबाई म्हणाल्या. "दोनाचं झेपतंय, तिसरीचं काय."
घोडी उद्या येतेय. पाहुणा गेला, आत्याबाई तबेल्यात आहेत. हे ओट्यावर एकटेच बसलेत. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर उद्यापासून हौदावर तिसरं ब्लँकेट.