हिरवा स्लॅब

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी सव्वासहा

आज मी एक स्लॅब टाकला. ॲपमध्ये. जागेवर अजून नुसत्या सळया आहेत आणि त्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा. करायला नको होतं. पण साइटच्या नोंदी ॲपमध्ये मी भरतो, आणि सहापर्यंत ज्या कामाला हिरवी खूण होत नाही ते लाल होऊन मोठ्या ऑफिसला जातं, माझ्या नावासकट. काँक्रीटचा ट्रक उद्या येतोच आहे. उद्याचं आज लिहिलं, एवढंच. साइटच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्यात, महिनाभर लाल दिसलं नाही तर मला साइट को-ऑर्डिनेटर करतील. केबिनमध्ये खुर्ची. चाकांची. बारावीला दोनदा बसलेल्याला आणखी काय पाहिजे.

४ मार्च, मंगळवार

ट्रक आला नाही. काँक्रीटचा प्लँट बंद आहे म्हणे. ॲपनं सकाळीच मागणी केली: स्लॅबला पाणी मारल्याचा फोटो टाका. रोज एक. आता नसलेल्या स्लॅबला पाणी कसं मारणार? खालच्या मजल्याच्या जुन्या स्लॅबवर पाइप धरून उभा राहिलो, फोटो काढला. डोकं लागतं याला.

हिरवी खूण मागे घेता येते का, तेही बघितलं. येते. पण मॅडमची परवानगी लागते, आणि कारणाच्या चौकटीत कमीत कमी वीस अक्षरं लिहावी लागतात. वीस अक्षरांचं कारण माझ्याकडे नाही.

५ मार्च, बुधवार

ट्रक नाही. रोजची कटकट नको म्हणून पुढचे सगळे फोटो आजच काढून ठेवले. दर फोटोला शर्ट बदलला. एकदा मामाची टोपी घातली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, इथला सेंट्रिंगवाला. स्लॅबखाली टेकू लावतो, स्लॅब पक्का झाला की काढतो. मला इथे त्यानंच चिकटवलं. त्यानं विचारलं, भाच्या, लग्नाचे फोटो काढतोयस का. मी म्हणालो, हे डिजिटल पाणी आहे. मामा म्हणाला, पाज, पाज, काँक्रीट ढेकर देतं का बघ.

८ मार्च, शनिवार

आज स्लॅब खरोखर भरला. ॲपमध्ये तो पाच दिवसांचा आहे. जन्माआधीच रांगायला लागला. पण आता आहे ना स्लॅब? मग झालं. उद्यापासून सगळं खरं लिहायचं. पाणीसुद्धा खरं मारायचं, दोन वेळा.

१२ मार्च, बुधवार

पाणी खरं मारलं. एकदा. बाकी दिवस राहिलं. फोटो होतेच.

मॅडमचा मेसेज: नोंदी छान. मॅडम चार साइट एका स्क्रीनवर बघतात, इथे आठवड्यातून एखादी चक्कर. पूर्वी मुकादम रजिस्टर घेऊन शिड्या चढायचा म्हणे. आता शिडी कुणी चढत नाही, टक्के चढतात. कामाचे ७८ झालेत. त्यातले निम्मे माझे.

१६ मार्च, रविवार

सुट्टी, पण ॲपला नाही. ॲपनं मामाला आपणहून मेसेज धाडला: उद्या चौदा दिवस पूर्ण, टेकू काढा. हे मी धाडलेलं नाही. मी एक खूण केली होती, पुढचं सगळं ॲपचं ॲप. खरे दिवस उद्या नऊ भरतील. गरमीत लवकर वाळतं असं कुठेतरी ऐकलंय. बहुतेक कपड्यांबद्दल असेल.

मामाच्या नावावर आधीच दोन लाल आहेत, उशिराचे. तिसरा लागला की काम जातं.

मॅडमना सांगायचं. उद्या. सकाळी पहिलं काम तेच.

१७ मार्च, सोमवार. सकाळी आठ

मॅडमना फोन करण्यापेक्षा एक सोपी युक्ती सुचली. मामाचे हातोडे वाळूत पुरले. हत्यार नाही, काम नाही, लाल नाही.

साडेआठ

लाल नाही कसं, उशिराचा लागेलच. हे लक्षात आलं तोवर मामानं प्लंबरचे हातोडे आणलेसुद्धा.

सव्वानऊ

मामानं स्लॅबला खालून ठोकून बघितलं. तोंड वाकडं केलं. म्हणाला, माझ्या बोटांवर नऊच भरतात. मी म्हणालो, मामा, बोटं अपडेट कर. त्याची दोन्ही पोरं हसली. तो नाही हसला. त्यानं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, अहो, चौदा दिवसांच्या नोंदी आहेत, रोजचा फोटो आहे, बोटांवर कसं चालेल. मामानं फोन ठेवला आणि मला विचारलं, तू रोज इथेच असतोस, तू सांग किती झाले. मी म्हणालो, ॲपमध्ये चौदा आहेत.

हे खोटं नाही. ॲपमध्ये चौदाच आहेत.

मामा म्हणाला, बरं. आणि आत गेला.

दहा वाजता

जिन्यात बसून मॅडमना मेसेज लिहिला. मॅडम, एक छोटीशी चूक. छोटीशी खोडलं. परत लिहिलं. तेवढ्यात आवाज आला.

दुपारी तीन

मधले चार टेकू काढल्यावर स्लॅब बसला. चार बोटं खाली आला, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत चीर. मामानं पोरांना शिव्या देत बाहेर हाकललं आणि स्वतः परत आत गेला. टेकू परत ठोकले. एकटा. मी दारात उभा होतो, हातात मोबाईल. स्लॅब थांबला. मामाचं डावं मनगट टेकू आणि बीममध्ये सापडलं. दवाखान्यात नेलंय.

मेसेज अजून तसाच आहे. पाठवलेला नाही.

१८ मार्च, मंगळवार

ॲपमध्ये रिपोर्ट आला. दिवस बरोबर, पाणी बरोबर, फोटो बरोबर. म्हणजे उरला मामा. कारण: सेंट्रिंगवाल्यानं टेकू चुकीच्या क्रमानं काढले. मामाला तिसरा लाल लागला. ट्रकच्या पावतीवर ८ तारीख आहे. ती कुणी बघितली नाही. पावती कागदाची आहे.

उद्या सांगायचं. नक्की.

१९ मार्च, बुधवार

पोट बिघडलं. खरंच बिघडलं.

२० मार्च, गुरुवार

आज गेलो. केबिनचं दार लोटलं, तोंड उघडलं, आणि मॅडम म्हणाल्या, बस. एवढ्या गोंधळात तुझ्याच नोंदी तेवढ्या चोख निघाल्या, म्हणाल्या. चाकांच्या खुर्चीवर बसवलं. मी थँक्यू म्हणालो.

बाहेर मामा उभा होता, हात गळ्यात अडकवलेला. सामान न्यायला आला होता. म्हणाला, सकाळपासून आलोय, अर्ध्या दिवसाची हजेरी लाव, पूर्ण नको, खोटं नको. मग म्हणाला, तुझ्या आईला सांग, मीच काम सोडलं, उगाच जीवाला लावून घेईल.

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर बाबा रे, पाया पडतो, कुणाला सांगू नकोस. मॅडमना एक वेळ कळू दे. आईला नको. आणि मामाला तर नकोच. जाताना म्हणत होता, वय झालं भाच्या, दिवस मोजताना चुकायला लागलो.