बलिया हातात, घुगरी नाई

कामरगाव,
१८ एप्रिल २०२५

ती. मंजूबाईस,
राजपालचा सा. न. वि. वि.

पत्र लिहीन लिहीन म्हणून ढकलत आलो, हे पहिलेच कबूल करतो. आधी पेन नव्हता, मंग पेन भेटला तं कागद नव्हता, अन् दोन्ही भेटले तेव्हा हात चालेना. फोन काहून नाई केला म्हणशील. माहा फोन विहिरीत पडला. दुसऱ्याचा मांगून केला असता, पण तुह्या घरी फोन स्पीकरवर लागते अन् तुही सासू भाकरी थापता थापता मधातच उत्तर देते. हे सगळ्यांनी आयकावं असं नाई. हरीओम आमच्या गाळ खेचाच्या यारीचा डायवर हाय, तुह्या शिरपूरचाच, आठवड्याले घरी जाते. त्याच्या हाती देतो.

मी कुठं टिकत नाई हे तुले माहीत हाय. नाशिकची द्राक्षं सोडली, सुरतेत एका लॉजमधी चादरी धुतल्या. तिथला मॅनेजर भलताच माणूस होता, त्याची गोष्ट सांगावाची हाय, पण राहू दे. होळीपासून मानोऱ्याच्या एका ठेकेदाराकडे हाय. जुन्या विहिरी उपसून खोल करतो. मी खाली उतरून बादलीत गाळ भरतो, हरीओम वरून यारीनं खेचते. उन्हाळ्यात खाली गार वाटते. याहून चांगली नोकरी नाई असं मी सगळ्यांले सांगत फिरत होतो.

इथं बबनराव म्हणून शेतकरी हायेत, त्यांची बांधीव विहीर कितीक वर्षांपासून बुजत आली होती. तळाच्या गाळात पांढऱ्या कड्या लागल्या. मले वाटलं पाइपाचे तुकडे. वरती ओरडून सांगितलंही, की बबनरावची नळी सापडली, चहा मांगा. एक कडी ओढली तं बाकीच्या संगं आल्या, अन् त्यांच्या मधात हाड. बाई, त्या बलिया होत्या.

पोलीस आले. हवालदाराले समजेना, मंग मीच सांगितलं की आमच्या तांड्यातल्या बाया लग्न झालं की दंडावर या बलिया घालतात. डॉक्टर म्हणे, बाई तरणी होती, वीसच्या वर वर्षं झाली असतील. हवालदार आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांत जाऊन आला. एकूणएक नायकानं सांगितलं, आमची एकही बाई हरवली नाई. मंग कागदावर अनोळखी स्त्री असं लिहिलं.

पाहाले आलेल्यांत एक म्हातारी होती आपल्याच लोकांतली. ती म्हणे, बलिया हातात अन् घुगरी नाई, अशी बाई नसते. हवालदार माह्या तोंडाकडे पाहे. त्याले समजावलं, कानाजवळ वेणीत गुंफलेली चांदी म्हंजे घुगरी, नवरा मेला तं दोन्ही उतरतात, एक ठेवून एक काढत नाईत. चांदी काई सडत नाई. तळ लागेपर्यंत गाळ चाळला, पण भेटली नाई.

तेव्हापासून मी खाली उतरलो नाई. हरीओम भित्रा म्हणून चिडवते. चिडवू दे. काठावर उभा राह्यलो तरी खालून कोणी वर पाहून राह्यलं असं वाटते.

आपल्या याडीचं एकदा सांग. ती गेली तेव्हा मी तिचं दूध पीत होतो, तू सात वर्षांची होतीस. तांड्यात सांगतात की ती घुगरी काढून खुंटीले टांगून कोणासंगं निघून गेली. खरंच टांगली होती काय?

लोभ हाय तो पातळ होऊ देऊ नको.

तुहा,
राजपाल

शिरपूर (जैन),
२३ एप्रिल २०२५

चि. राजपालास,
मंजूचे अनेक आशीर्वाद.

तुहं पत्र वाचलं अन् चुलीत टाकलं. हेही तसंच कर. सुरतेच्या मॅनेजरची गोष्ट लिहायले कागद पुरला असता तं बरं झालं असतं, नाई ते लिहून बसलास. भाजी कराले येते काय तुले अजून, का नुसता वडापाव खातो?

खुंटीले होती. मी माह्या डोळ्यानं पाह्यली. नायकानं पाह्यली, तांड्यानं पाह्यली. नायक म्हणे, बाईनं आपल्या हातानं घुगरी उतरवली म्हंजे नवरा सोडला, आता तिले शोधावाचं कायले. आपला बापू मान खाली घालून बसला होता. कोणी ठाण्यात गेलं नाई. जी स्वतः सोडून जाते तिले हरवली म्हणत नाईत आपल्यात.

पण एक गोष्ट तुले कोणी सांगितली नसेल. त्या वर्षी आपण तांड्यात राहतच नव्हतो. बापू कोणाच्या तरी शेतात सालदार होता. मोटरीच्या खोलीजवळ आपली झोपडी होती. मी पाइपात तोंड घालून गाणं म्हणे अन् याडी हासे. गावाचं नाव मले माहीत नाई, सात वर्षांच्या पोरीले कोण सांगते. एका सकाळी बापूनं तुले खांद्यावर घेतलं अन् मले म्हणाला, याडी पुढं गेली, चाल लवकर. मी बसमधी तिच्यासाठी बाजूच्या जागेवर हात ठेवून बसली होती. कंडक्टरनं हात काढाले लावला.

तांड्यात आलो. बापू पहिले घरात गेला, आमाले दारात थांबवलं. मंग आत पाह्यलं तं खुंटीले घुगरी. याडी आमच्या पुढं येऊन टांगून गेली, असंच मी आजवर धरून चालली.

बबनरावले विचार, त्या काळी त्याच्याकडे कोण होतं. पण आपलं अन् बापूचं नाव तोंडातून काढू नको. मले भेव वाटून राह्यलं.

रागावते म्हणून माया आटली असं समजू नको.

तुही बाई,
मंजू

कामरगाव,
२८ एप्रिल २०२५

ती. मंजूबाईस,
रा.चा सा. न. वि. वि.

बबनरावले विचाराची गरजच पडली नाई. ते बोलायले लागले की थांबत नाईत. काल निंबाखाली बसून आधी लाइनवाल्याले शिव्या दिल्या, मंग जावयाले, मंग आजकालच्या सालदारांले. म्हणे पहिले माणसं होती. भाऊसिंग नावाचा एक होता मानोऱ्याकडचा, बैलासारखा कामाले. त्याची बायको पऱ्हाटी वेचताना बडबड करे, सगळ्या बाया तिच्या ओळीत यायले पाहत. तिच्यावरून तो भाऊसिंग जळे. कोणाशी हासली की संध्याकाळी झोपडीतून आवाज येत. अन् एका सकाळी पाहाले गेले तं झोपडी रिकामी, साल अर्धं सोडून गेला, न सांगता. त्याची पोरगी म्हणे मोटरीच्या पाइपात गाणं म्हणे.

मी चहाची कपबशी खाली ठेवली. अर्धा चहा तसाच पाहून बबनराव म्हणे, ऊन लागलं तुले, कांदा हुंग. मी हुंगला. काय करता.

बबनरावले मी त्या भाऊसिंगचा पोरगा हाय हे माहीत नाई. त्यांच्या डोक्यात विहीर अन् भाऊसिंग हे दोन अजून एकत्र आले नाईत, कारण त्यांलेही कोणी सांगितलं होतं की ती बाई पळून गेली.

बाई, मी तिच्या दंडाले धरून ओढलं. मी नळी समजून ओढलं. दुसरं काई सुचत नाई.

हवालदार म्हणे, ओळख सांगणारं कोणी आलं नाई तं हाडं बेवारस म्हणून पुरतील. आपल्यात पुरतात ते लग्न न झालेल्यांले. लग्नाच्या बाईले अग्नी लागते. पोरगा जिता असून तिले असं मातीत घालतील. मी जाऊन सांगितलं तं माहं रक्त घेतील, ते जुळलं तं बापूले उचलतील. नाई सांगितलं तं ती अनोळखी. मी इथून पळून जावं असंही मनात येते, कोकणात आंब्याचं काम हाय म्हणतात. तू सांगशील तसं करतो.

दोन शब्द लवकर लिही, हरीओम वाट पाहील.

तुहा,
राजपाल

शिरपूर (जैन),
२ मे २०२५

चि. राजपालास,
आशीर्वाद. सांभाळून राह्य, हेच पहिले.

कोकणात जाऊ नको. तू पळणारा हायेस हे सगळ्यांले माहीत हाय, म्हणूनच सांगते.

परवा बापूचा फोन आला. कधी येत नाई. यांनी उचलला, स्पीकरवर. बापूनं विचारलं, राजपाल कुठं हाय, कोणाच्या विहिरीवर. इतक्या वर्षांत तू जिता हायेस का, हे त्यानं विचारलं नव्हतं. यांनी भोळेपणानं सांगून टाकलं, कामरगावले. फोन चालूच होता, आमाले त्याचा श्वास आयकू येत होता. मंग बंद केला. तेव्हापासून अंगणात कुत्रं भुंकलं तरी मी पोरांले आत घेते. सासू म्हणते, हिले काय बाधलं.

आता आयक. ती घुगरी माह्यापाशी हाय. बापू ती विकणार होता, मी खुंटीवरून काढून लपवली. लग्नात ट्रंकेत घेऊन आली, याडीची म्हणून. रागही होता तिच्यावर, पण टाकवली नाई. काल दार लावून काढली. तिच्यात केस हायेत, गुंफलेले, दोऱ्यासकट. लहानपणी पाह्यले होते, समजलं नव्हतं. घुगरी उतरवायची तं वेणी उकलावी लागते, दुसऱ्या बाईनं बसून पेड सोडावे लागतात. न्हाण्याच्या दिवशी मीच याडीचा दोरा धरून बसे. हे केस उकललेले नाईत, राजपाल. कापलेले हायेत, वरून, सरळ, दोन्ही बाजूचे. जी आपल्या मनानं सोडून जाते ती असं कापत नाई. अन् आम्ही सगळ्यांनी खुंटीवरची चांदी पाह्यली, केस कोणी पाह्यले नाईत.

जा ठाण्यात. नाव सांग. घुगरी हरीओमच्या हाती देते, डाळीच्या पिशवीत खाली हाय. तांड्यातून आपल्या बाजूनं कोणी उभं राहणार नाई हे धरून चाल. धनीबाई तं बापूचीच बायको, याडीनंतर आणलेली. तिनं आपल्यासाठी कधी तोंड उघडलं नाई, आता काय उघडते.

मले जे होईल ते होईल. तू एकटा कुठं जाऊ नको, बबनरावच्या नजरेसमोर राह्य.

तुह्यावर जीव ठेवून असलेली,
मंजू

कामरगाव,
६ मे २०२५

ती. मंजूबाईस,
सा. न. वि. वि.

काल ठाण्यात गेलो. दारापर्यंत गेलो अन् दोन वेळा परत फिरलो, एकदा तं समोरच्या टपरीवर भजे खाऊन आलो. मंग आत गेलो. हवालदारानं विचारलं, मयताचं नाव. मी म्हणालो, चंपाबाई भाऊसिंग आडे. मोठ्यानं बोललो काय कोण जाणे, सगळे माह्याकडे पाहाले लागले. तिचं नाव मी माह्या तोंडानं पहिल्यांदाच घेतलं, आपल्या घरात कोणी घेतच नव्हतं. अनोळखीच्या पुढं त्यानं ते पेननं लिहिलं अन् कंसात 'संशयित ओळख' असंही लिहिलं. रक्त जुळून येईपर्यंत कंस राहील म्हणे.

माहं रक्त घेतलं. घुगरी पाकिटात घालून सील केली. तुलेही बोलावतील जबाबाले. केसांचं तूच सांग, मले नीट सांगता आलं नाई. हवालदार माणूस वाईट नाई, पण म्हणाला, मुला, केस कापले ते कोणी, हे केस सांगत नाईत. घुगरी तुह्या बहिणीच्या ट्रंकेत होती, तिथं बापाचा हात कसा लावावा. नायक तं घुगरी खुंटीले होती असंच सांगेल. दुसरं कोणी बोलणारं हाय काय? मी नाई म्हणालो.

बबनरावले सांगितलं मी कोण ते. मंग म्हणे, जेव. अन् माही खाट आपल्या ओसरीत घ्यायले लावली. बापूले अजून उचललं नाई. प्रत्येक जीप थांबली की मी ओसरीवरून आत सरकतो. आता दुपार हाय तरी तसंच.

थांब, बांधावरून कोणी येऊन राह्यलं.

बाई, धनीबाई आली. एकटीच, हातात पिशवी नाई, पायात चप्पल नाई. बसस्टँडपासून विचारत विचारत आली म्हणे. आधी विहिरीपाशी गेली, वाकून खाली पाह्यलं, तिथंच बसली. बबनरावनं पाणी दिलं ते प्याली, मंग बोलली. म्हणते, बापू दारू पिऊन आला की इतकी वर्षं तिले एकच सांगे, जास्त बोललीस तं तुलेही कामरगाव दाखवतो. तिले वाटे काई जत्रेचं गाव असेल अन् हा नेत नाई. मानोऱ्याच्या बाजारात ती बायांले हासून सांगे, आमचा बुढा मले कामरगाव दाखवणार हाय. हाडांची बातमी तांड्यात पोचली तेव्हा तिले समजलं. म्हणून आज तो बाहेर गेल्यावर ती स्वतःच पाहाले आली.

ठाणं कोण्या बाजूले हाय, विचारते.

तुहा,
राजपाल