आठव्या खांबाचा खड्डा

१९ मार्च, मंगळवार

चि. छोटीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा बरा आहे, जिना चढते. माझ्या पंपाच्या दुकानाला नवीन शटर बसवलं. बसवणाऱ्याने एका बाजूला अर्धा सेंटिमीटर खाली सोडलं होतं, मी पुन्हा काढायला लावलं. म्हणजे मी आहे तसाच आहे.

आपण खणलेलं घर उभं राहतंय. संग्रहालयाच्या बाईंनी ओढ्याकाठी, मूळ जागेपासून बारा मीटरवर, त्याच मापाचं लाकडामातीचं घर बांधायला काढलंय. नकाशा माझा. चार-चार खांबांच्या दोन ओळी, दोन खांबांत एक मीटर चाळीस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याचं घर एका पंप दुरुस्त करणाऱ्याने शोधलं, असं फलकावर येणार आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला याचं काय वाटतं, ते तुला सांगायला नको.

आठ खांब धरले की दार फक्त उत्तरेच्या टोकाला बसतं, चुलीपाशी. परवा सुतार म्हणाला, "साहेब, दारातच चूल? आत येणारा विस्तवावरून उडी मारायचा का?"

मी म्हटलं, "तेव्हाची पद्धत असेल."

"पद्धत त्यांची की तुमची?"

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण सहा वर्षांपूर्वी खणताना तूही दाराचंच विचारलं होतंस. "दादा, ओढ्यावरून पाणी आणायचं आणि अख्ख्या घराला वळसा घालून आत यायचं? दार ओढ्याकडेच असणार." मी म्हणालो होतो, "तू लिही, मोजायचं मी बघतो."

ओढ्याकडच्या ओळीतला तिसरा खांब. त्याबद्दलच लिहायला बसलो आणि शटरचं लिहीत राहिलो.

तिथे माझ्याकडून चूक झाली. खणताना कधी कधी हात जरा जास्त खोल जातो आणि

नाही. वरची ओळ खोडत नाही, तुला दिसू दे. आता नीट लिहितो. खांब कुजला की पिवळ्या जमिनीत काळ्या मातीचा गोल डाग उरतो. असे डाग सात मिळाले. आठव्याच्या, म्हणजे ओढ्याकडच्या त्या तिसऱ्या जागी पिवळी, घट्ट, कधीच न हललेली माती होती. तुम्ही सगळे जेवायला गेलात तेव्हा मी पहारीने तिथे खड्डा पाडला. बावीस सेंटिमीटर रुंद, तीस खोल. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक बघायला येणार होते आणि मला नकाशा पुरा हवा होता. ती मोकळी जागा म्हणजे दार होतं. तू खोदकामाच्या वहीत लिहिलेलं "इथे काही नाही" मी खोडलं आणि वर लिहिलं, "काळी माती". तू म्हणालीस, "मी सही करणार नाही." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या सहीवाचून या घराचं काही अडत नाही."

तू परत आली नाहीस. मी लोकांना सांगितलं, तिला ऊन सोसत नाही.

एकदा खणलेली जमीन पुन्हा तपासता येत नाही. पुरावा उरला तो तुझ्या खोडलेल्या ओळीचा. काल वही नेली आणि ते पान उघडून बाईंना दाखवलं. त्यांनी खोडलेल्या ओळीवरून बोट फिरवलं.

"फलक छापून आलाय," त्या म्हणाल्या.

"माझं नाव काढा."

"आणि या वहीत आणखी काय काय खोटं आहे?"

"काही नाही."

"हे तुमच्या शब्दावर मानायचं?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. राग आला, पण बाईंचं चुकलं नव्हतं. एकशे सोळा पानं, एकूण एक माप, तेव्हाच्या फोटोंशी ताडून बघावं लागेल. तोवर काम बंद. तपासणार कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्या दिवसापर्यंत खणताना रोज हजर असलेलं आणि माझी भीडभाड न ठेवणारं एकच माणूस आहे.

बाई तुला वेगळं पत्र लिहितील. त्यांना काय कळवायचं ते तू ठरव. तपासताना मी तिकडे फिरकणार नाही. बोलावलंस तर येईन, टेपचं दुसरं टोक धरायला.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. चालणार नाही.

तुझा
दादा