कॅमशाफ्ट मीच बसवणार

८ नोव्हेंबर १९४६, शुक्रवार. उंब्रज.
आजपासून रोजनिशी. लष्करात लागलेली शिस्त घरी येऊन मोडायची नाही. शिवाय गाडीच्या बाबतीत कोण काय बोललं याची नोंद राहिलेली बरी. माणसं उलटतात. मेहुणे तर उलटतातच.

गाडी म्हणजे लढाईतला जुना ट्रक, सहा सिलिंडर एका रांगेत. मी आणि बायकोचा भाऊ कृष्णात, दोघांनी मिळून लिलावात घेतला. निम्मा त्याचा, निम्मा माझा, अक्कल सगळी माझी. दिवाळीच्या आधीपासून इंजिन टकटक करतंय, चढावर खोकतंय. आज कृष्णातने बाजूचं झाकण काढून आत डोकावलं. म्हणे कॅमशाफ्ट गेला. इंजिनच्या पोटातला हा लांब दांडा, त्यावरचे उंचवटे फिरले की व्हॉल्व्ह उघडतात. एक उंचवटा पार घासून सपाट झालाय.

"दाजी, गाडी सांगलीला वर्कशॉपात न्यू या. माझं लगीन तोंडावर आलंय."

मी म्हणालो, गरज नाही. मी बदलतो.

तो हसला. नोंद करून ठेवतो. हसला.

त्याने लढाईत गाड्या चालवल्या, बस्स. मी स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये होतो. शेकडो कॅमशाफ्ट या हातांनी दिलेत. ग्रीस लावलेले, कागदात गुंडाळलेले. नंबर अजून पाठ आहेत.

९ नोव्हेंबर
लग्न अठ्ठावीसला, सांगलीत. वऱ्हाड आपल्याच ट्रकमधून जायचं. सासूबाईंनी सगळ्या भावकीत सांगून ठेवलंय, पोरगा स्वतःच्या गाडीतनं जाणार. स्वतःच्या! माझ्या निम्म्याचं नाव कुणी काढत नाही.
निश्चय: रोज पहाटे उठणे. चहा एकदाच. कृष्णातची मदत न घेणे. काम आठवड्यात पुरे.

११ नोव्हेंबर, सोमवार
पहाटे जाग आली नाही. बायकोने, शालूने, मुद्दाम उठवलं नसणार, शेवटी भावाची बहीण.
रेडिएटर उतरवला. आतलं सगळं पाणी माझ्या अंगावर. शालू सोप्यातून म्हणाली, "आवं, आदी पानी सोडायचं न्हाई व्हय?" बायकांनी इंजिनात बोलू नये. स्टोअरमध्ये रेडिएटर कोरडेच येत.
सर्दी झाली. चहा तीनदा. औषध म्हणून.

१३ नोव्हेंबर
पुढचं झाकण निघालं. आत दोन दातेरी चक्रं, एक छोटं, एक मोठं, एकमेकांत अडकलेली. आणि काय बघतो! दोन्हींवर कुणीतरी पंच ठोकून एकेक ठिपका पाडलाय. कृष्णातचंच काम. उद्या भांडण झालं तर माल ओळखायला खूण करून ठेवली. सख्ख्या दाजीचा एवढा संशय!
कानस घेतली आणि दोन्ही ठिपके घासून साफ केले. वर पॉलिश पेपर मारला. चक्रं आता आरशासारखी. बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी नीट जेवलो.

१५ नोव्हेंबर
दांडा बाहेर येत नाही. ओढला, हिसडला, पहारीने रेटला. जागचा हलत नाही. सासुरवाडीहून कृष्णातचा निरोप आला, आधी वरचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणारे खुंट, काढा, नाहीतर दांडा अडकतो. मला शिकवतो! उलट निरोप धाडला की नवरदेवाने हळदीचं बघावं.

१६ नोव्हेंबर
दिवसभर ठोकाठोकी. शेजारच्या धोंडुबाई विचारून गेल्या, लोहार आणलाय का.

१७ नोव्हेंबर, रविवार
दुपारी झोपेत मला स्वतंत्रपणे कल्पना सुचली. टॅपेट काढून बघावेत. काढले. दांडा सुळ्ळकन हातात आला. याला म्हणतात डोकं. कृष्णातला कळवायची गरज नाही.

१९ नोव्हेंबर
सर्व्हिस मोटारीने सांगलीला जाऊन आलो. लढाईच्या मालाच्या व्यापाऱ्याकडे नुसता नंबर सांगितला. त्याने ढिगातून नवा कॅमशाफ्ट काढून दिला, ग्रीससकट. त्या वासाने डोळे भरून आले. जुन्या दांड्यावरचं मोठं चक्र सोबत नेलं होतं, ते तिथेच नव्या दांड्यावर दाबून घेतलं. व्यापारी म्हणाला, तुमच्यासारखं नंबर सांगणारं गिऱ्हाईक बघितलं नाही. हे ऐकायला कृष्णात हवा होता.
येताना स्टँडवर लालासाहेब दिसला. उंब्रजमध्ये दुसरा ट्रक याचाच. आमची गाडी बंद असल्याने आमच्या वाटणीचा गूळ हल्ली हाच वाहतो. म्हणाला, "या की नाथाजीराव, माझ्या गाडीत या. शाफ्ट मांडीवर घिऊन कशाला आवघडताय?" मी ऐकू न आल्याचं दाखवलं. मोटारीत उभ्यानेच आलो.

२२ नोव्हेंबर
नवा दांडा आत सरकवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. झाकणं लावली, रेडिएटर चढवला. चार-पाच बोल्ट उरले. कंपन्या जास्तीचे घालतात.
हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. कार्बोरेटरमधून ठो करून जाळ आला. मिशीची उजवी बाजू गेली. डावीही काढून टाकली. तशीही काढायचीच होती.

२४ नोव्हेंबर, रविवार
कृष्णात आला. मिशीकडे बघून काही बोलला नाही, मनात हसला असेल. गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं, "दाजी, चक्रावरच्या खुना जुळवल्या न्हवं?"
कसल्या खुणा, मी विचारलं.
"दोनी चक्रावं ठिपकं असत्यात. ठिपक्याला ठिपका लागला तरच व्हॉल्व बरुबर टायमाला उगडतंय. न्हाईतर इंजन सुरू व्हनार न्हाई."
मी म्हणालो, आपल्या इंजिनला तसलं काही नव्हतं.
त्याने बाजूला पडलेली कानस उचलून बोटाने चाचपली. मग म्हणाला, "दाजी, अजून टाइम हाय. वडून न्यू सांगलीला."
मी त्याला नाही नाही ते बोललो. गाडी हडपायचा बेत आहे असं म्हणालो. लग्नात मिरवायला माझी गाडी लागते असं म्हणालो. आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण धोंडुबाई दारात आल्या. कृष्णात निघून गेला. शालूने ताट वाढलं आणि पाठ फिरवून बसली.
निश्चय: गाडी अठ्ठावीसच्या आत सुरू. नाहीतर नाव लावणार नाही.

२६ नोव्हेंबर
झाकण पुन्हा उघडलं. चक्रं नुसती चकाकतायत. ठिपका कुठे होता ते अजिबात आठवत नाही. एक दात पुढे घेऊन पाहिला. एक मागे. मग अंदाजाने. काल सासूबाई येऊन गेल्या. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत.

२७ नोव्हेंबर
वऱ्हाड गेलं. लालासाहेबाच्या ट्रकमधून. माझ्या दारावरून, वाजंत्री लावून. शालू करवली, तिला जाणं भाग. चढताना म्हणाली, "आवं, चला की. ऱ्हाऊ द्या त्ये इंजन." मी म्हणालो, लालासाहेबाच्या ट्रकमध्ये पाय ठेवणार नाही. उद्या अक्षतांच्या आधी आपली गाडी घेऊन मांडवात हजर होतो. तिने पुन्हा म्हटलं नाही. दोनदा म्हणाली असती तर कदाचित गेलोही असतो. हे लिहायला नको होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार
डाव्या हाताने लिहितोय. अक्षराची जबाबदारी माझी नाही.
अठ्ठावीसला सकाळी हँडल मारलं. इंजिन बोललं! एकच आवाज, पण खणखणीत. आणि हँडल उलटं फिरून मनगटावर आलं. हाड मोडलं. वैदूने पट्ट्या बांधल्या. दिवसभर सोप्यात पडून होतो. सांगलीत अक्षता पडल्या असतील त्या वेळी धोंडुबाईंनी आणलेली पेज पीत होतो.
आज वऱ्हाड परतलं. नवी नवरी उतरून पाया पडली. चांगली वाटली पोर. कृष्णातने हात बघितला. मला वाटलं, आता बोलेल. वाटच बघत होतो, उत्तरं तयार होती.
म्हणाला, "गाडी ऱ्हाऊ दे वो. पर तुमी न्हाई आलासा. फेटा दाजींच्या हातनंच बांदायचा म्हनून मी बसून ऱ्हायलो. मुहूर्त निगून चालला, तवा लालासाहेबानं बांदला."
हात फार दुखत होता.

२ डिसेंबर, सोमवार. सांगली.
गाडी दोराने लालासाहेबाच्या ट्रकमागे बांधून आणली. कृष्णात स्टिअरिंगवर. मला पुढच्या ट्रकमध्ये बसा म्हणाला. मी त्याच्याच शेजारी बसलो. कराडच्या पुढे त्याने माझ्या मोडक्या हाताखाली आपला कोट घडी करून दिला. मी आभार मानले नाहीत. तत्त्वाचा प्रश्न आहे.
वर्कशॉपच्या मिस्त्रीने झाकण उघडलं, चक्रांवर हात फिरवला आणि कपाळाला लावला. चार पोरांना बोलावून दाखवलं. विचारलं, "ह्ये कुनी केलं?"
मी खाली बघितलं. कृष्णात म्हणाला, "म्हाईत न्हाई, गड्या. लिलावात आमाला अशीच घावली."
मिस्त्री म्हणाला, "ज्यो कोन असंल त्यो, कवा भेटला तर सांगा, परत इंजनाला हात लावू नगंस म्हनावं."
मिस्त्री माझ्याकडे बघत होता.
मी म्हणालो, सांगतो.