संध्याकाळचं माप

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करायचा सोडून ही कागद का काळे करतेय म्हणशील, तर बाई गं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मी ‘अगं ऐक’ म्हणेपर्यंत तुझ्या लाँड्रीतली मशीन, मालकीण आणि गिऱ्हाइकांच्या खिशात सापडलेल्या वस्तू असं सगळं सांगून होतं आणि ‘चल, ठेवते’ म्हणून तू मोकळी. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप. दोन दिवस थोडं थोडं लिहितेय. बोटं तशीच वाकडी आहेत, पण तुझ्या भावोजींनी पेनाला चामड्याची जाड पट्टी गुंडाळून दिलीय, त्यामुळे पकड छान बसते. तरी अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

आधी आनंदाची बातमी. काल मी खालच्या दुकानापासून वर घरापर्यंतच्या चौदाच्या चौदा पायऱ्या एका दमात चढले! खालून तुझे भावोजी हातात हातोडी घेऊन मोठ्याने मोजत होते, आणि टाच ठोकून घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकंही त्यांच्या सुरात सूर मिसळून मोजायला लागली. चौदा म्हणताच टाळ्या. मी वरून एखाद्या राणीसारखा हात हलवला. चौदा पायऱ्यांचं एवढं काय कौतुक, असं तुला वाटणारच. तेच सांगायला बसलेय. पण त्याआधी कान पकडते, कारण मी तुझ्याशी खोटं बोललेय. आठ महिन्यांपूर्वी आठवडाभर माझा फोन लागत नव्हता आणि नंतर मी ‘आम्ही फिरायला गेलो होतो’ अशी थाप मारली, ते फिरणं हॉस्पिटलातलं होतं. माझं हृदय थकलं होतं. रागव, हक्क आहे तुझा. पण पुढे वाच.

आईकडून आपल्या दोघींना काय मिळालं? लांब नाक, अखंड बडबड आणि हा संधिवात. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, हा दुसरा, ज्यात अंगाची राखण करणारी शक्तीच उलटून सांध्यांवर तुटून पडते. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, ते आपल्या घरात अक्षरशः घडलं. मला चाळिशीत झाला आणि दोन वर्षांत तुलाही झाला. तुला तर माझी प्रत्येक गोष्ट हवीच असायची, फ्रॉकपासून. दुखणं सांध्यांचं, म्हणून आपण बोटं, मनगटं आणि गुडघे एवढ्यावरच लक्ष ठेवून बसलो. सकाळी मूठ वळली की दिवस चांगला. त्याच्याही आत काही असतं, हे कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं!

तर गेल्या वर्षी भावोजींनी माझ्यासाठी बूट शिवायला घेतले. त्यांची रीत तुला ठाऊक आहे. दुकान उघडायच्या आधी, सकाळी सातला, वर्तमानपत्रावर पाय ठेवायला लावायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, पंजाला आणि घोट्याला टेप लावायची, त्या मापाचा लाकडी साचा करायचा आणि त्यावर नाव लिहून तो फळीवर ठेवायचा. सकाळचा पाय खरा आणि संध्याकाळचा पाय थकलेला, हे त्यांच्या वडिलांचं वाक्य. त्यापुढे कुणाची टाप नाही. बूट झाले मात्र दृष्ट लागण्यासारखे. मरून रंग, मऊ चामडं, पुढून ऐसपैस, माझ्या वाकड्या बोटांना आत हातपाय पसरायला जागा. सकाळी घातले, झकास बसले. संध्याकाळी घालायला गेले तर पाय आत जाईना.

भावोजींचा चेहरा बघवेना गं. पस्तीस वर्षांत ज्यांचा एक जोड परत आला नाही, त्यांनी घरच्याच माणसाच्या पायाला धोका द्यावा? दुसरा जोड शिवला, थोडा सैल. माप अर्थात पुन्हा सकाळी सातचंच. तोही महिन्याभरात घट्ट. मग टेप बदलली, चष्म्याचा नंबर तपासून आणला, चामड्याच्या व्यापाऱ्याशी कडाकडा भांडून झालं. तिसरा जोड शिवताना त्यांचं गुणगुणणंसुद्धा बंद पडलं. एकदा टाका घालता घालता म्हणाले, आता हात राहिला नाही माझा, दुकान आवरतं घ्यावं म्हणतो. आणि मी काय करत होते? मी ते तिन्ही जोड फळीवर मांडून ठेवत होते आणि पाय कोंबून कोंबून त्यांच्या जुन्या चपलांत फिरत होते.

खरं सांगू? मला धाप लागत होती. जिन्यात दोनदा थांबायचे आणि कुंडीतल्या झाडाची पानं पुसतेय असं दाखवायचे. त्या झाडाएवढं चकचकीत झाड अख्ख्या गल्लीत नव्हतं. आडवं पडलं की गुदमरायचं, म्हणून तीन उशा घ्यायचे आणि बसून वाचायला आवडतं म्हणून सांगायचे. सगळं खापर संधिवातावर आणि वयावर फोडायचे. त्यात दुखण्याच्या गोळ्या तर मी फुटाण्यांसारख्या खात होते, कुणाला न विचारता. भावोजी आधीच मापाने खचलेले, त्यांना आणखी श्वासाचं कशाला सांगा! ते मला जपत होते, मी त्यांना जपत होते, आणि दोघं मिळून मला खड्ड्यात घालत होतो. अकलेचे कांदे, दुसरं काय!

सुटका केली ती एका निवृत्त नर्सबाईंनी. बाई सँडलची वादी शिवून घ्यायला आल्या होत्या. फळीवर एकाच रंगाचे तीन जोड, एकापेक्षा एक मोठे, बघून त्यांनी विचारलं, तीन बहिणींचे का हो? भावोजी मान खाली घालून म्हणाले, नाही, एकाच बायकोचे. बाई आधी पोट धरून हसल्या. मग मला स्टुलावर बसवलं, पाय हातात घेतला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. बाई म्हणाल्या, मापात काही चूक नाही, हा पाय रात्री ओसरतो आणि दिवसभर भरतो. उठा, आत्ता. अंगावरच्या घरच्या साडीनिशी मला रिक्षात बसवलं, तू कल्पना कर!

हृदयाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ. सांध्यांना सुजवणारी तीच आग आतून हृदयालाही लागते, गाजावाजा न करता, म्हणून आपल्यासारख्यांचं हृदय कमजोर पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, असं त्यांनी समजावलं. रक्त पुरेसं ढकललं जात नाही, मग पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं. वेळेवर कळलं की औषधांनी हृदय पुष्कळदा सावरतं. पण आणखी दोन महिने झाडाची पानं पुसत बसला असतात तर कठीण होतं, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं. मी रडायच्या बेतात, तेवढ्यात तुझे भावोजी खुर्चीवरून उठले आणि ओरडले, म्हणजे माझं माप बरोबर होतं!  आणि दुसऱ्याच क्षणी हा माणूस माझा सुजलेला पाय धरून लहान मुलासारखा ढसाढसा रडला. पस्तीस वर्षांच्या संसारात मला इतकं हसू आणि इतकं रडू एकदम कधी आलं नव्हतं.

सहा दिवसांत अंगातलं सात किलो पाणी गेलं. संधिवाताचं औषध बदललं, फुटाणे बंद झाले. परवाच्या तपासणीत हृदयाचं काम पस्तीस टक्क्यांवरून अठ्ठेचाळीसवर आलंय. शाळेत गणितात मला एवढे कधी मिळाले होते का? मीठ कमी केलंय. भावोजीही माझ्याबरोबर अळणी जेवतात आणि प्रत्येक घासाला असं तोंड करतात की मला वेगळी करमणूक लागत नाही. रोज संध्याकाळी सहाला दुकानातच माझ्या घोट्याला टेप लावतात. वडिलांचं वाक्य मोडलं गं त्यांनी! आता वयस्कर गिऱ्हाईक आलं की म्हणतात, सकाळी बघितला पाय, संध्याकाळी पुन्हा दाखवा. गुणगुणणंही परत सुरू झालंय, तेवढंच एक बेसूर आहे. आणि तो पहिला मरून जोड आता संध्याकाळीही माझ्या पायात असतो. पत्र लिहितानाही आहे.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी फोनवर तू खिदळत सांगितलंस, ताई, सगळ्या चपला घट्ट व्हायला लागल्यात, दिवसभर उभं राहून पाय पसरले बघ, आणि जिना चढताना तर आपली आजीबाई झालीय. मीही तुझ्याबरोबर हसले. फोन ठेवला आणि तडक खाली दुकानात गेले. दोन वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा घेतलेल्या मापाचा साचा फळीवर आहे, त्यावर पेन्सिलीने ‘भिंगरी’ लिहिलंय. भावोजींनी चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. सोबतच्या खोक्यात त्याच मापाचे बूट आहेत, तुझ्या आवडत्या निळ्या रंगाचे. सकाळी घालू नकोस. संध्याकाळी लाँड्रीतून आलीस की सहाला घाल. आरामात बसले, तरी एकदा हृदय तपासून घे, आणि मग ते घालून इकडे ये, आपण जिना चढायची शर्यत लावू. पण पाय आत गेला नाही, तर माझी शपथ, फोनही करत बसू नकोस, तशीच डॉक्टरकडे जा. भावोजींना मात्र नाव ठेवू नकोस. त्यांचं माप चुकत नाही.

तुझीच,
एका दमात चौदा पायऱ्या चढणारी
ताई