भोक पाडलेली कुबडी

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले, पण जीव तुझ्या कुबडीत अडकलाय. पिशवी अडकवायला तू तिला भोक पाडून हुक बसवलास? आमच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर तुझ्या कुबडीसारख्याच अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे मशीनला लावून लाखो वेळा दाबते. एका दाबाने काही होत नाही. तोच दाब पुन्हा पुन्हा पडला की भोकाच्या कडेला केसाएवढी चीर जाते आणि गुपचूप वाढत राहते. मला खरंच भीती वाटते गं. कुबडी बदल.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
भिंगरी

ता. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मी जाड झाले, हे किती शास्त्रीय भाषेत सांगितलंस! अगं, नऊ वर्षं ही कुबडी माझ्याबरोबर गाण्याच्या शिकवण्यांना फिरतेय. रोजची तीन हजार पावलं, पण एकदा कुरकुरली नाही. भोक मी स्वतः सुताराचं ड्रिल मागून पाडलं, तोही तोंडात बोट घालून बघत राहिला. नव्या कुबडीशी जुळवून घेताना पडले तर शिकवण्या बंद. मग घरात बसून करू काय? तरी तुझ्या समाधानासाठी मंगळवारी जुनी पार्सलने पाठवते. तोवर दवाखान्यातली उसनी वापरीन. पास झाली तर मुकाट्याने परत करायची.

लोभ आहेच, कुबडी परत आली की वाढेल.
तुझी आत्या

ता. २ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चालण्याने पडतो तेवढाच भार लावला होता. पाच हजार आठशे वेळा दाबल्यावर कुबडी भोकापाशी काडकन मोडली. आधी आवाज नाही, वाक नाही. तुझ्या हिशेबाने जेमतेम दोन दिवस. मला मशीनसमोरच रडू आलं. परत करता येत नाही, रागावू नकोस.

तुझीच,
भिंगरी

ता. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी दिवस मोजले. पार्सल मंगळवारी टाकलं, म्हणजे ती गुरुवारी मोडली असती. त्या गुरुवारी माझ्या एका विद्यार्थिनीला ताप होता, म्हणून तिचं पाच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन मी तिचा जिना उतरले होते. एका हाताने बाळ धरलेलं, दुसऱ्या हातात ती उसनी कुबडी. माझं मेलीचं काय गं, पण ते लेकरू!

काल नवी घेतली. हात दुखतोय, चार दिवस धडपडेन, पण तिला भोक पाडणार नाही, शपथ. ते बाळ आज पहिल्यांदा स्वतःहून पालथं पडलं. त्याच्या आजीच्याही आधी तुला कळवतेय.

लोभ आता वाढवायला जागा उरलेली नाही.
तुझी आत्या